घरपट्टीवर चालणारी शाळा

टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचं एक स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. १९६७-६८ या वर्षी तिथले घरमालक आपल्या मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यामागे १ डॉलर ५ सेंट शाळेचा कर भरत होते. त्या सबंध परिसरातला हा सर्वांत चढा दर होता. राज्याच्या किमान योजनेतला स्थानिक वाटा वळता केल्यावर या करातून एका विद्यार्थ्यासाठी २६ डॉलर उरत. काही मैलांवरच्या अलामो हाइट्स डिस्ट्रिक्टमध्ये कराचा दर होता ८५ सेंट, आणि तिथे एका विद्यार्थ्यामागे उरत ३३३ डॉलर. ज्यांच्यावर कराचा बोजा जास्त त्यांच्या मुलांना कमी, आणि ज्यांच्यावर कमी त्यांच्या मुलांना जवळजवळ तेरापट. ही दरी राज्य सरकारने बुजवायची, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात राज्याच्या योजनेतून एजवूडच्या मुलाला २२२ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सच्या मुलाला २२५. केंद्र सरकारचे पैसे मिळवले तरी शेवटचा हिशोब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला.

हे आकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात छापलेले आहेत. ते खोटे आहेत असं कुणी म्हटलं नाही. प्रश्न एवढाच होता की अशी वाटणी राज्यघटनेला चालते का. २१ मार्च १९७३ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर दिलं, चालते. हे पुस्तक त्या निकालापासून सुरू होतं आणि त्यानंतरच्या ५० वर्षांत वेगवेगळ्या राज्यांतल्या पालकांनी, वकिलांनी आणि न्यायाधीशांनी त्या उत्तराशी कशी झुंज घेतली ते सांगतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हा मामला चटकन उमगत नाही, म्हणून थोडी पूर्वपीठिका. आपल्याकडे गडचिरोलीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी असोत की पुणे जिल्ह्यातले, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. गावातल्या घरांना काय भाव आहे याच्याशी त्या पगाराचा संबंध नसतो. घरपट्टी जाते दिवाबत्तीला, गटाराला, रस्त्याला. आपल्या सरकारी शाळांची दुखणी पुष्कळ आहेत, पण ती दुसरी. अमेरिकेत सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं शाळामंडळ. या मंडळाच्या हाती, किंवा त्याच्या वतीने गावाच्या हाती, त्या हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर कर बसवण्याचा अधिकार असतो. देशभराचा हिशोब मांडला तर शाळांचा जवळपास निम्मा पैसा राज्यांकडून येतो, जवळपास तितकाच स्थानिक करांतून, आणि केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आतच असतो. हवाई राज्य तेवढं वेगळं, तिथे सगळं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे.

न्यू जर्सीत घराच्या कराचं बिल येतं, त्यावर काउंटी, नगरपालिका, शाळा अशा वेगवेगळ्या ओळी असतात. बहुतेक गावांत सर्वांत मोठा आकडा शाळेच्या ओळीत दिसतो. राज्यभराचा विचार केला तर घरपट्टीची निम्म्याहून अधिक रक्कम शाळांकडेच जाते. गावात कंपन्यांची मुख्यालयं असतील, मॉल असेल, प्रशस्त घरं असतील तर थोड्या दरातही भरपूर जमतं. गावात जुन्या चाळवजा इमारती, बंद पडलेल्या गिरण्या आणि कर माफ असलेली सरकारी कार्यालयं असतील, तर दर कितीही चढवला तरी हाती फारसं लागत नाही. एजवूडमध्ये एका विद्यार्थ्यामागे मालमत्तेचं मूल्य ५,९६० डॉलर होतं आणि अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांहून अधिक. बाकी सगळा हिशोब या दोन आकड्यांतून आपोआप निघतो.

ही अडचण कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. १९२०च्या दशकात जॉर्ज स्ट्रेयर आणि रॉबर्ट हेग या दोघांनी न्यूयॉर्क राज्यासाठी एक सूत्र मांडलं, आणि आजही बहुतेक राज्यं त्याचीच कुठली ना कुठली आवृत्ती वापरतात. एका मुलाच्या शिक्षणाला किती लागतात ते राज्याने ठरवायचं, प्रत्येक गावाने एकाच दराने कर लावला तर किती जमतील ते काढायचं, आणि मधली तूट राज्याने भरायची. कागदावर हे चोख आहे. बिघडतं ते तीन ठिकाणी. ‘किती लागतात’ हा आकडा शाळेत जाऊन काढला जात नाही, तिजोरीत किती आहे ते पाहून विधिमंडळात ठरतो. श्रीमंत गावाला त्या आकड्याच्या वर मनसोक्त खर्च करण्याची मुभा राहते. आणि एकदा मिळू लागलेलं अनुदान, मुलं कमी झाली, गाव सधन झालं, तरी कमी होऊ द्यायचं नाही अशी कलमं आमदार मागच्या दाराने घालून ठेवतात. पुस्तकातला प्रत्येक खटला या तीनपैकी कुठल्या तरी एका जागी येऊन अडतो. वाचकाने हे सूत्र लक्षात ठेवलं तर पुढची गुंतागुंत जड जाणार नाही.

आता एजवूडकडे परत. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि अधीक्षकांच्या कार्यालयावर चालत गेले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: इमारतीची डागडुजी करा, पुरेसं साहित्य द्या, शिकवण्याची पात्रता असलेले शिक्षक द्या. शेवटची मागणी उगाच नव्हती. पुढच्या शैक्षणिक वर्षात एजवूडमधले सुमारे ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते, तर अलामो हाइट्समध्ये ११ टक्के. एजवूडची नव्वद टक्के मुलं मेक्सिकन वंशाची होती. मुलं बाहेर पडली म्हटल्यावर पालक जमू लागले. त्यांत डिमेट्रिओ रॉड्रिगेझ होते. केली हवाई तळावर पत्राकाम करणारे कामगार, पूर्वी नौदलात आणि हवाई दलात नोकरी केलेले. आर्थर गॉकमन या वकिलांना घेऊन या पालकांनी त्याच जुलैत केंद्रीय न्यायालयात दावा लावला. १९७१च्या डिसेंबरात तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. टेक्सास राज्य अपिलात गेलं.

सर्वोच्च न्यायालयातलं बहुमताचं निकालपत्र लुईस पॉवेल यांनी लिहिलं. ते स्वतः व्हर्जिनियात रिचमंडच्या शाळामंडळाचे अध्यक्ष राहिलेले होते, आणि आपल्या शाळा आपल्या गावाने चालवाव्यात यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: केंद्रीय राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही, त्यामुळे तो मूलभूत हक्क ठरत नाही, एजवूडच्या मुलांना शिक्षणच मिळत नाही असं नाही, कमी मिळतं, आणि स्थानिक कर ही स्थानिक स्वायत्ततेची किंमत आहे. सुधारणा हवी असेल तर ती राज्यांच्या विधिमंडळांतून यावी.

स्थानिक स्वायत्तता हा शब्दप्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत फसवा वाटतो, आणि तो का फसवा आहे हे बायरन व्हाइट यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात आकड्यांनी दाखवलं. सॅन अँटोनिओच्या काउंटीतल्या सर्वाधिक उत्पन्नाची बरोबरी करायची तर अलामो हाइट्सला दर १०० डॉलरमागे ६८ सेंट पुरले असते. एजवूडला त्यासाठी ५ डॉलर ७६ सेंट लावावे लागले असते. आणि टेक्सासच्या कायद्याने या कराची कमाल मर्यादा ठरवली होती १ डॉलर ५० सेंट! म्हणजे एजवूडच्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी कर भरायचं ठरवलं असतं, तरी ते बेकायदा ठरलं असतं. मग त्यांनी निवड कशाची करायची? थर्गूड मार्शल यांचं विरोधी निकालपत्र लांबलचक आहे. वीस वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांचा ब्राउन खटला याच न्यायालयात लढवणारे वकील ते स्वतःच. त्यांचा संताप त्या पानांतून लपत नाही. माझ्या मते त्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा असा की डिस्ट्रिक्टच्या हद्दी राज्याने आखल्या, कर लावण्याचा अधिकार राज्याने दिला, त्याची मर्यादा राज्याने घातली. तेव्हा त्यातून जी विषमता निघाली ती आभाळातून पडलेली नाही, ती राज्याची करणी आहे. या पुस्तकाची सगळी भूमिका या एका वाक्यावर उभी आहे, हे वाचकाला आधीच सांगितलेलं बरं.

वॉशिंग्टनचं दार बंद झालं आणि तेरा दिवसांनी दुसरं उघडलं. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात राज्याची शाळांसाठीची कररचना राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली. केंद्रीय घटनेत शिक्षण नसेल, पण राज्यांच्या घटनांत ते होतं. न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ पासून ५ ते १८ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शाळांची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. शंभर वर्षं कुणी फारसं लक्ष न दिलेलं ते वाक्य एकाएकी जिवंत झालं. विधिमंडळ तरीही पैसे उभे करीना. शेवटी जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला. उन्हाळी वर्ग बंद पडले, आणि आठवडाभरात न्यू जर्सीत पहिल्यांदा कायमचा राज्य आयकर मंजूर झाला. आज आपल्यापैकी जे तिथे राहतात आणि दर एप्रिलमध्ये राज्याचा कर भरतात, तो कर शाळांच्या या भांडणातून जन्मला आहे.

पण खरी लढाई पुढची. १९८१ साली एज्युकेशन लॉ सेंटर या संस्थेने कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटीतल्या २० मुलांच्या वतीने दावा लावला. मॅरिलिन मॉरह्यूझर या वकील बाई पूर्वाश्रमीच्या नन. त्यांनी या खटल्यात उरलेलं आयुष्य घातलं. अॅबट विरुद्ध बर्क या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे आणि त्याचे वीसहून अधिक निकाल आहेत. त्यांतला १९९०चा निकाल मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेंट्झ यांनी लिहिलेला. कायद्याचा अभ्यास नसलेल्यानेही तो वाचावा, कारण न्यायालय त्यात वर्गावर्गांतून हिंडतं. पॅटरसनच्या एका प्राथमिक शाळेत मुलं तळघरात बॉयलरच्या खोलीजवळ डबा खातात आणि मागे पडलेल्या मुलांचा वर्ग जुन्या स्वच्छतागृहात भरतो. अर्विंग्टनच्या एका शाळेत कोळशाच्या कोठाराची वर्गखोली केलेली आहे. प्रिन्स्टनमध्ये आठ मुलांमागे एक संगणक आहे, ईस्ट ऑरेंजमध्ये ४३ मुलांमागे एक, कॅम्डेनमध्ये ५८ मुलांमागे एक. आकड्यांनी न हलणारा माणूस कोळशाच्या कोठाराने हलतो. न्यायालयाने एकमताने आदेश दिला की २८ गरीब शहरी डिस्ट्रिक्टमध्ये मुलामागे होणारा खर्च राज्यातल्या सधन उपनगरांच्या बरोबरीला आणा, आणि शिवाय गरिबीमुळे ज्या जादा गरजा निर्माण होतात त्यांचा खर्च वेगळा करा.

या ‘शिवाय’त सगळं आलं. तोवर न्याय म्हणजे समान पैसा असं मानलं जात होतं. पण इंग्रजी न येणारं मूल, उपाशी येणारं मूल, दर सहा महिन्यांनी भाड्याचं घर बदलणारं मूल यांना शिकवायला जास्त हात लागतात, जास्त वेळ लागतो. जास्त हात म्हणजे जास्त पगार. १९९८च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं आणि या शहरांतल्या तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी चांगल्या दर्जाच्या बालवाड्या चालवायला राज्याला भाग पाडलं. त्या बालवाड्यांतून गेलेली मुलं पुढे कित्येक इयत्ता इतरांपेक्षा बरी राहिली, हे अभ्यासकांनी पाठपुरावा करून दाखवलं आहे.

याची राजकीय किंमत गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांनी चुकवली. १९९० साली शाळांसाठी आणि राज्याच्या तुटीसाठी त्यांनी २८० कोटी डॉलरची करवाढ केली. राज्यभर असंतोष उसळला आणि १९९३च्या निवडणुकीत ते पडले. २०१० साली गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांच्या काळात शाळांच्या अनुदानाला कात्री लागली. तेव्हा न्यायालयाने २०११ मध्ये अॅबट शहरांसाठी सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला लावले. खटल्याला ज्याच्या आडनावावरून नाव पडलं तो मुलगा १९८१ मध्ये १२ वर्षांचा होता. १९९०चा निकाल लागला तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. त्याला त्या निकालाचा काय उपयोग?

जर्सी सिटीचं प्रकरण मात्र मला वेगळ्या कारणाने महत्त्वाचं वाटतं, आणि ते मराठी वाचकाच्या अंगणातलं आहे. हडसन नदीकाठी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत आपली कितीतरी मंडळी राहतात. त्यांतल्या बऱ्याच इमारतींना शहराने नेहमीची घरपट्टी माफ करून तिच्याऐवजी ठरावीक रक्कम भरण्याची सवलत दिली. त्या रकमेतले ९५ टक्के शहराला, ५ टक्के काउंटीला, आणि शाळांना काहीच नाही. शहर डोळ्यांदेखत श्रीमंत झालं, शाळांचा भार मात्र राज्यभरच्या करदात्यांवर राहिला. २०१८च्या कायद्यानंतर राज्याने जर्सी सिटीचं अनुदान वर्षावर्षाने कमी करायला घेतलं. सूत्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण शहरातली गरीब वस्ती कुठे गेली नव्हती, आणि अंदाजपत्रकातली भोकं तिच्या मुलांच्या वर्गांत उघडी पडली. गावाची मालमत्ता आणि गावातल्या मुलांची परिस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सूत्रवाल्यांना वारंवार विसरायला होतं.

टेक्सासमध्ये याचा आणखी मोठा अनुभव आला. एजवूडने हार मानली नव्हती. १९८४ मध्ये पुन्हा दावा, या वेळी राज्याच्या न्यायालयात, आणि २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टमधली मालमत्तेची तफावत एका विद्यार्थ्यामागे सातशेपट झाली होती. बऱ्याच खटपटीनंतर १९९३ साली कायदा झाला की मर्यादेपेक्षा श्रीमंत डिस्ट्रिक्टने वरचा पैसा राज्याला द्यायचा आणि तो इतरांकडे जायचा. लोकांनी त्याला रॉबिन हूडचं नाव दिलं. तत्त्व मला मान्य आहे. पण आज सर्वांत जास्त पैसे भरतं ते ऑस्टिन शहराचं डिस्ट्रिक्ट, जिथे निम्म्याच्या आसपास मुलं गरीब घरांतली आहेत. घरांच्या किमती चढल्या म्हणून कागदावर ते डिस्ट्रिक्ट श्रीमंत. आणि गावांकडून जितकं जास्त जमतं तितका राज्याला आपला हात आखडता घेता येतो. राज्य आयकर नसलेल्या टेक्सासमध्ये हा मोह मोठा आहे. २०१६ साली त्याच न्यायालयाने सगळी व्यवस्था सदोष असली तरी घटनेच्या किमान कसोटीला उतरते असं म्हणून हात झटकले.

कॅलिफोर्नियाची कथा प्रसिद्ध असली तरी तिच्यासाठी पुस्तकात एकच प्रकरण ठेवलं आहे. सेरानो विरुद्ध प्रीस्ट या १९७१च्या निकालाने बेव्हर्ली हिल्स आणि बाल्डविन पार्क यांच्यातली दरी उघड केली: एकीकडे मुलामागे १,२३१ डॉलर, दुसरीकडे ५७७. पुढे १९७८ मध्ये मतदारांनी तेरावा प्रस्ताव मंजूर करून घरपट्टी मूल्याच्या एका टक्क्यावर बांधली. न्यायालयाने समानता आणली म्हणून लोकांनी कर तोडले, असा युक्तिवाद काही अर्थतज्ज्ञ करतात, काहींना तो पटत नाही. एवढं मात्र खरं की समानता आली ती बरीचशी सगळ्यांनाच खाली ओढून. २०१३ साली राज्याने गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि सरकारच्या देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबांत वाढणाऱ्या (फॉस्टर) मुलांमागे २० टक्के जादा देणारं सूत्र आणलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. केंटकीचा मार्ग मला अधिक आवडतो. तिथे ६६ गरीब डिस्ट्रिक्टच्या वतीने माजी गव्हर्नर बर्ट कोम्ब्स स्वतः वकील म्हणून उभे राहिले. १९८९ मध्ये न्यायालयाने एखादं कलम रद्द करून भागवलं नाही, राज्याची सगळी शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळाने दुसऱ्याच वर्षी विक्रीकर पाचवरून सहा टक्क्यांवर नेऊन नवी व्यवस्था उभी केली. एका गरीब, डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या राज्याने हे करून दाखवलं.

पैशाने शिक्षण सुधारतं का, हा प्रश्न या खटल्यांत हटकून येतो. अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक यांनी वर्षानुवर्षं साक्षी दिल्या की खर्च आणि गुणवत्ता यांचा सरळ संबंध दिसत नाही, पैसा कसा खर्च होतो ते महत्त्वाचं. दुसरा भाग खरा आहे. पहिल्याला २०१६ साली किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांच्या अभ्यासाने जबर धक्का दिला. न्यायालयांच्या आदेशांमुळे ज्यांच्या शाळांना जादा पैसा मिळाला अशा मुलांचा त्यांनी मोठेपणापर्यंत माग काढला. बाराही वर्षं खर्च दहा टक्क्यांनी जास्त राहिला तर मोठेपणीची कमाई सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि गरीब घरांतल्या मुलांमध्ये परिणाम अधिक ठळक दिसतो. मला तर याहून साधी गोष्ट पटते: पैशाने फरक पडत नाही असं म्हणणारं एकही सधन डिस्ट्रिक्ट आपला जादा पैसा सोडायला तयार झालेलं माझ्या ऐकिवात नाही.

हे पुस्तक मराठीत का, असं काही स्नेह्यांनी विचारलं. एडिसन, प्लेन्सबरो, फ्रीमाँट, क्यूपर्टिनो इथे घर घेताना आपल्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे?’ मुलांचं भलं पाहणारा कुठलाही आईबाप तेच विचारील. पण त्या प्रश्नातूनच घरांच्या किमती चढतात, चढलेल्या किमतींतून त्या शाळांना आणखी पैसा मिळतो, आणि हद्दीपलीकडच्या मुलाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ही साखळी आपल्या हातून जाते, तेव्हा ती आपल्या भाषेत कुणीतरी समजावून सांगायला हवी.

आणि हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच हिशोब मांडला होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कर कोण भरतो आणि शाळा कुणाच्या मुलाला मिळते, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची त्यांची रीत होती. एजवूडच्या पालकांनी फुल्यांचं नावही ऐकलं नसेल, पण त्यांनी न्यायालयात ठेवलेला कागद त्याच रीतीचा आहे.

फुल्यांच्या काळी वरच्या वर्गांकडून एक शंका नेहमी निघे: कुणब्याच्या पोराला इतकं शिकून करायचंय काय? ती शंका अजून जिवंत आहे. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांच्या खटल्यात २००२ साली मधल्या न्यायालयाने म्हटलं की राज्याने आठवी-नववीच्या पातळीचं शिक्षण दिलं की घटनेचं समाधान झालं. पुढच्या वर्षी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ते फिरवलं. शाळामंडळावर काम केलेले एक पालक, रॉबर्ट जॅक्सन, ती सुनावणी गाठायला न्यूयॉर्कहून ऑल्बनीपर्यंत दीडशे मैल पायी चालत गेले होते. पेनसिल्व्हेनियात तर २०२१च्या डिसेंबरात, सुनावणी चालू असताना, विधिमंडळातल्या नेत्याच्या वकिलाने एका ग्रामीण डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकांना भर न्यायालयात विचारलं की ज्याला मॅकडोनाल्ड्समध्येच काम करायचं आहे त्याला बीजगणिताचा काय उपयोग. मला तो प्रश्न वाचून जेवण गेलं नाही.

पेनसिल्व्हेनियाचा तो खटला पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आहे. सहा डिस्ट्रिक्ट, काही पालक आणि दोन संघटनांनी तो २०१४ साली लावला. न्यायाधीश रने कोन ज्युबिलिरर यांनी ७ फेब्रुवारी २०२३ रोजी ७८६ पानांचं निकालपत्र दिलं आणि राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्या राज्यात २०१६ पासून गरजेप्रमाणे पैसे वाटणारं चांगलं सूत्र कायद्यात आहे, पण ते लागू होतं फक्त नव्याने वाढणाऱ्या रकमेला. जुना मोठा गठ्ठा जुन्याच वाटणीने जातो, मग गावातली मुलं निघून गेलेली असोत की दुप्पट झालेली. विधिमंडळाने २०२४च्या उन्हाळ्यात कमतरता असलेल्या डिस्ट्रिक्टसाठी जवळपास ५० कोटी डॉलर वेगळे काढले. उरलेली तूट कित्येक अब्जांची आहे आणि ती पुढच्या अर्थसंकल्पांवर सोपवली आहे. दावा दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेलं मूल निकालाच्या दिवशी नववीत होतं. २०२४चे पैसे त्याच्या शाळेत पोचेपर्यंत ते अकरावीत गेलं होतं.